खारं पाणी काळ्या रानात ओतू नका

देवगड-निपाणी रस्ता कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडमधून जातो. किनाऱ्यावरची मासळी फोंडा घाट चढून याच वाटेने देशावर येते. बांगडा, सुरमई घरात येते, रश्श्यात पडते आणि विषय संपतो. अलीकडे मात्र समुद्र आणखी एका वाटेने या बाजूच्या घरांत शिरू लागला आहे. दिवाणखान्यात काचेची टाकी, वर निळसर दिवा आणि आत पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी क्लाउनफिश, पोरांच्या भाषेत ‘निमो’. त्याला लागणारं समुद्री मीठ बादलीत बंद होऊन कुरियरने कुठल्याही गावात पोचतं. गप्पी आणि गोल्डफिश पाळणाऱ्यांच्या मानाने खाऱ्या पाण्याचा नाद करणारे थोडेच. पण हा नाद धरणाऱ्या प्रत्येकापुढे दर पंधरवड्याला एक प्रश्न उभा राहतो आणि तो त्याच्या टाकीपुरता राहत नाही. टाकीतून काढलेलं जुनं खारं पाणी ओतायचं कुठे?

मुंबईत हा प्रश्न पडत नाही. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, ते समुद्रासमोरच. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आणि त्याचं मत्स्यालय आहे, तिथूनही समुद्र हाकेच्या अंतरावर. मुरगूडचं तसं नाही. नकाशात अरबी समुद्र जवळ दिसतो, पण गावाचं पाणी त्याच्याकडे जात नाही. पाटगावच्या धरणातून निघालेली वेदगंगा गारगोटीवरून मुरगूडला येते, पुढे कर्नाटकात दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. मग अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि शेवटी बंगालचा उपसागर. मुरगूडच्या गटारात पडलेल्या मिठाला समुद्र गाठायला हजाराहून जास्त किलोमीटर जावं लागतं, आणि त्या सगळ्या वाटेवर नदीकाठाने शेतीचे पंप बसलेले आहेत.

आधी हिशेब मांडायला हवा, कारण या विषयात माणसं एक तर उगाच घाबरतात किंवा अजिबात पर्वा करत नाहीत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि टाकीतलं पाणीही तेवढंच खारं ठेवावं लागतं. घरात १०० लिटरची टाकी आहे आणि दर दोन आठवड्यांनी त्यातलं २० लिटर पाणी बदललं जातं असं धरू. एका वेळेला ७०० ग्रॅम मीठ बाहेर पडतं. वर्षात अशा २६ खेपा होतात, म्हणजे १८ किलोच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं सांगते. प्रत्यक्षात जगभरचं सरासरी खाणं त्याच्या दुपटीवर आहे. पाच माणसांचं घर रोज माणशी १० ग्रॅम मीठ खात असेल तर वर्षाचे १८ किलोच होतात, आणि खाल्लेलं मीठ शेवटी सांडपाण्यातच उतरतं. एक मध्यम टाकी बाळगणं म्हणजे मिठाच्या हिशेबात गावात आणखी एक कुटुंब राहायला येणं.

म्हणजे एका टाकीने नदी मरत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं. वेदगंगेवरच्या एखाद्या कोल्हापुरी बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यात ७०० ग्रॅम मीठ पडलं तर कुठल्याही प्रयोगशाळेला त्याचा पत्ता लागणार नाही. मग एवढा काथ्याकूट कशाला? कारण हे पाणी बहुतेक वेळा नदीत जातच नाही. ते अंगणात जातं.

पाणी बदलण्याचं काम पाहिलं की हे लगेच लक्षात येतं. नळी टाकीत सोडायची, दुसरं टोक खालच्या बादलीत, तोंडाने किंवा हातपंपाने ओढ द्यायची. तळाच्या वाळूतली घाण पाण्याबरोबर येते आणि बादलीतलं पाणी पिवळट दिसतं. खताचं पाणी दिसावं तसं. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतंही. गोड्या पाण्याच्या टाकीचं असं पाणी झाडांना मानवतं आणि पुष्कळ घरांत ते कुंड्यांना घातलंही जातं. हीच सवय खाऱ्या टाकीला लागू होते. बादली उचलून बाहेर न्यायची आणि जास्वंदीच्या, पेरूच्या, नाहीतर कढीपत्त्याच्या बुंध्याशी रिकामी करायची. एखाद्या खेपेला काही दिसत नाही. काही आठवड्यांनी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि पुढची बादली जास्त ओततो. उन्हाळ्यात आळ्यातली माती वर पांढरी पडते, बोटाने खरवडली तर पापुद्रा निघतो. पावसाळ्यात त्याच जागी पाणी मुरायचं थांबतं आणि आळ्यात चिखलाचं डबकं साचून राहतं.

यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली, मातीतलं पाणी इतकं खारट होतं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. समोर पाणी असून झाड तहानलेलं राहतं. दुसरी गोष्ट जास्त चिवट आहे. समुद्राच्या मिठात वजनाने जवळजवळ तिसरा हिस्सा सोडियम असतो. काळ्या मातीचे बारीक कण एरवी कॅल्शियमच्या जोरावर एकमेकांना धरून असतात, त्यामुळे मातीत पोकळ्या राहतात आणि हवा-पाणी खेळतं. सोडियम कॅल्शियमला हटवून त्याची जागा घेतं. वरचं मीठ पुढे पावसाने धुऊन गेलं की हे कण सुटे होतात, फुगतात आणि पोकळ्या बुजवून टाकतात. माती ओली असताना चिकट आणि सुकल्यावर दगड. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो. खारवट जमीन भरपूर गोड पाण्याने आणि निचऱ्याने धुता येते. चोपण जमिनीला आधी जिप्सम द्यावं लागतं, म्हणजे सोडियमला हुसकायला पुन्हा कॅल्शियम आणावं लागतं, आणि मग निचरा.

कोकणात माडाच्या आळ्यात मीठ घालतात, हा दाखला कुणीतरी देतोच. तो खराही आहे. नारळाला क्लोराइड मानवतं. पण तिथली जमीन जांभ्याची, पाणी चटकन खाली सोडणारी, आणि पाऊस असा की जादा मीठ एका मोसमात वाहून जावं. कागल तालुक्यातल्या नदीकाठच्या भारी काळ्या रानात यातलं काहीच नाही. मालवणची रीत मुरगूडच्या अंगणात चालत नाही.

दहा बाय दहा फुटांचा परसाचा तुकडा घेऊ, साधारण सव्वानऊ चौरस मीटर. एका टाकीचं वर्षाचं १८ किलो मीठ त्यावर पडलं तर चौरस मीटरला दोन किलो होतं. आता शेजारचं उसाचं रान घेऊ. पाटाने भिजवलेल्या एकरभर उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी दिलं जातं असं धरलं, तर ते ८० लाख लिटर होतं. हे पाणी पिण्याइतकं गोड असलं आणि लिटरमागे फक्त २०० मिलिग्रॅम क्षार धरले, तरी त्या एकरात वर्षाला १६०० किलो क्षार येऊन पडतात. आकडा डोळे विस्फारणारा आहे. पण एकरावर पसरला की चौरस मीटरला ४०० ग्रॅम. अंगणातल्या त्या तुकड्यावर त्याच्या पाचपट मीठ पडतं, आणि ते खाली धुऊन न्यायला उसाइतकं पाणीही मिळत नाही.

हा हिशेब टाकीवाल्यासाठी मांडला असला तरी त्यातला एकरी १६०० किलोंचा आकडा अख्ख्या जिल्ह्याने विचार करावा असा आहे. दख्खनमध्ये जमीन मिठाने कशी जाते हे समजायला शंभर वर्षांहून जुना दाखला हाताशी आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आलं, ऊस आला, आणि पंचवीस वर्षांत बारामतीकडच्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खार जमिनींवर एक सविस्तर पुस्तिकाच लिहिली. कालव्याच्या गोड पाण्यानेच जमीन खारी होते, कारण पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात, शिवाय भूजलाची पातळी वर चढली की खालचं मीठही वर येतं, ही गोष्ट तेव्हापासून सरकारदरबारी कागदावर आहे. मीठ कुजत नाही आणि उन्हाने उडूनही जात नाही. शेणाला, खरकट्याला, सांडपाण्यातल्या मैल्याला जिवाणू खाऊन संपवतात. मिठाला खाणारा कुणी नाही. ते फक्त जागा बदलतं.

आज हे पाहायचं तर शिरोळ तालुक्यात जावं. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा नद्यांचा हा तालुका, आणि त्याच तालुक्यात क्षारपड जमिनीचे मोठे पट्टे पडून राहिले. एकेकाळी एकरी भरघोस ऊस देणाऱ्या रानात लव्हाळा आणि बाभळी उगवल्या. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने या जमिनी पुन्हा पिकाखाली आणायचं काम हाती घेतलं. रानात साधारण चार-पाच फूट खोल चर काढायचे, त्यात सच्छिद्र पाईप गाळणीच्या कापडात गुंडाळून टाकायचे, त्या पाईपांचं पाणी मोठ्या बंद पाईपला जोडायचं आणि ते गावाबाहेर ओढ्याला सोडायचं. एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, कारण वरच्या रानाचं पाणी खालच्या रानातून न्यावं लागतं. सगळ्या गटाने एकत्र यावं लागतं, कर्ज काढावं लागतं आणि वर्षानुवर्षं फेडावं लागतं. हे काम मोलाचं आहे. ज्यांनी पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिलेला पाहिला, त्यांना ते वेगळं सांगायला नको. पण त्यातही एक गोष्ट लपत नाही. रानातून बाहेर काढलेलं मीठ ओढ्यात जातं, ओढा नदीला मिळतो आणि नदी खालच्या गावाला. एकाची सुटका म्हणजे पुढच्याची भर. म्हणून मीठ एकदा जमिनीत गेल्यावर काढण्यापेक्षा ते जाऊच न देणं स्वस्त पडतं, मग ते बादलीभर असो वा गाडीभर.

थोडं थोडं मीठ मिळून नदीचं काय होतं हे तमिळनाडूतल्या तिरुपूरने दाखवून दिलं. सुती कापड रंगवायला मीठ लागतं, नाहीतर रंग धाग्यावर बसत नाही. रंगाईच्या शेकडो कारखान्यांतलं खारं पाणी नोय्यल नदीत गेलं. खाली ओरथुपालयम इथे १९९२ साली शेतीसाठी बांधून झालेलं धरण त्या पाण्याने भरलं आणि ज्या शेतकऱ्यांसाठी ते बांधलं, तेच ते नको म्हणू लागले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायचा आदेश दिला. सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर सोडायचा नाही ही अट पाळणं भाग पडलं, आणि मग कारखान्यांनी पाणी आटवून, गाळून, त्यातलं मिठाचं पाणी पुन्हा रंगाईला वापरायला सुरुवात केली. म्हणजे मीठ पुन्हा वापरता येत होतं. पण त्यासाठी आधी नदी आणि तिच्या काठची शेती जावी लागली. कापडउद्योगाचं इचलकरंजी आपल्याच खोऱ्यात आहे, तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखाची म्हणून सोडून देता येणार नाही.

मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प झाला की सगळं मिटेल असं अनेकांना वाटतं. मिठाच्या बाबतीत ते खरं नाही. असा प्रकल्प घाण, जिवाणू, गाळ कमी करतो. विरघळलेलं मीठ त्यातून जसं आत येतं तसंच बाहेर जातं. ते काढायचं तर पडद्यातून गाळावं किंवा आटवावं लागतं आणि कुठल्याही लहान नगरपरिषदेला तो खर्च झेपणारा नाही.

मग टाकीवाल्याने करायचं काय? पहिली गोष्ट, कमी पाणी काढायचं. याचा एक सुंदर दाखला शिकागोत आहे. समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत असलेल्या त्या शहरातल्या शेड मत्स्यालयाला १९३० साली समुद्राचं पाणी हवं होतं. फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या की वेस्टहून ते रेल्वेने आणलं. टाकीच्या २० वाघिणी आणि आठ फेऱ्या, मिळून १० लाख गॅलन. एवढ्या खटपटीने आणलेलं पाणी कुणी फेकत नाही. ते गाळून, खेळतं ठेवून पुन्हा पुन्हा वापरलं गेलं. घरच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. पाणी बदलावं लागतं ते मुख्यतः नायट्रेट साठतं म्हणून, आणि नायट्रेट साठतं जास्त मासे आणि जास्त खाऊ यांमुळे. मासे निम्मे ठेवले, खाणं हात राखून घातलं, फेस करून घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर बसवला, टाकीच्या एका कप्प्यात समुद्री शेवाळ वाढवलं, की पाणी बदलायच्या खेपा निम्म्यावर येतात. मिठाचा खर्चही तेवढाच वाचतो. समुद्री मीठ स्वस्त नाही.

दुसरी गोष्ट, काढलेलं पाणी लगेच जुनं समजायचं नाही. गाळणीचे स्पंज त्यात धुवावेत. गोड्या नळाच्या पाण्यात धुतले तर त्यांवरचे उपयोगी जिवाणू मरतात. माशांच्या पिलांसाठी आर्टेमियाची अंडी उबवायला हेच पाणी गाळून चालतं. नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी त्याने भरता येते. टाकीत तांब्याचं औषध घातलं असेल तर मात्र यातलं काही करू नये. ज्या तांब्याने माशाच्या अंगावरचे परजीवी मरतात, त्यानेच कोळंबी आणि गोगलगाय मरते.

आणि उरलेलं पाणी? ते वाळवावं. कोल्हापूर जिल्ह्यात हा उपाय सगळ्यात सोपा आहे, कारण वर्षातले सात-आठ महिने ऊन फुकट मिळतं. एक चौरस मीटरच्या पसरट प्लास्टिकच्या ट्रेमध्ये २० लिटर पाणी फक्त दोन सेंटिमीटर उंचीचं होतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते चार-पाच दिवसांत आटतं, थंडीत दुप्पट दिवस लागतात. ट्रे गच्चीवर ठेवायचा तर खाली काही अंथरून ठेवावा आणि पाणी स्लॅबवर सांडू देऊ नये. क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरलं की आतली सळई गंजते. वर जाळी टाकावी, म्हणजे पक्षी आणि मांजरं त्यात तोंड घालणार नाहीत. शेवटी थोडा ओलसर गर राहतोच. तो पूर्ण सुकत नाही, कारण समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. हे मीठ खायचं नाही आणि जनावरांना चाटायलाही द्यायचं नाही. पुन्हा टाकीत विरघळवून वापरता येईल असंही नाही. पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार सगळ्यात आधी तळाला बसतात आणि ते नंतर नीट विरघळत नाहीत.

वर्षाचं १८ किलो मीठ एका पोत्यात सहज मावतं. पिशवी घट्ट बांधून ते घंटागाडीत सुक्या कचऱ्याबरोबर वेगळं सांगून देता येईल. किंवा, आणि मुरगूडकरांना हे सहज शक्य आहे, वर्षातून एकदा देवगड-मालवणला गाडी जाते तेव्हा ते बरोबर न्यावं आणि भरतीच्या पाण्यात विरघळवावं. औषध घातलेल्या टाकीचं मात्र नाही. आणि फक्त वाळवलेलं. पाणी तसंच्या तसं कधीच नाही, ना नदीत, ना समुद्रात.

ही शेवटची अट कडक आहे आणि तिला कारण आहे. टाकीच्या पाण्यात दिसत नाहीत असे जीव असतात. १९८४ साली भूमध्य समुद्रात मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचं हिरवं शेवाळ प्रथम आढळलं. मत्स्यालयांच्या टाक्या सजवायला ते वापरलं जात होतं. तिथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं आणि समुद्राच्या तळावरची मूळची वनस्पती त्याने झाकून टाकली. तेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडलं तेव्हा तिथल्या यंत्रणेने त्यावर ताडपत्र्या टाकून, खाली क्लोरिन सोडून ते मारलं. पूर्ण नायनाट झाल्याचं जाहीर करायला २००६ उजाडलं आणि लाखो डॉलर गेले. टाकीतून सुटलेले जीव आपल्याकडेही नवे नाहीत. महाराष्ट्रातल्या जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यात येणारा काटेरी सकर मासा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, टाकीची काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा. जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. जून ते सप्टेंबर ऊन नसतं आणि या काळात आठ-नऊ खेपांचं पाणी निघतं. इथे बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, हा चांगला दंडक आहे. पाऊस सुरू होताना वेदगंगेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे काढतात, पावसानंतर ते पुन्हा घालतात. बरगे काढलेले असताना आणि नदी भरून वाहत असताना बादलीभर खारं पाणी मच्छरदाणीच्या जाळीतून गाळून, उकळून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून एक दिवस ठेवून, मग भरपूर पाण्याबरोबर गटाराला सोडलं तर कुणाचं नुकसान होत नाही. बरगे घातल्यानंतर नाही. तेव्हा पाणी वाहत नाही, साठतं, आणि त्याच साठ्यातून गावांना नळाचं पाणी आणि रानाला पंपाचं पाणी जातं. आड किंवा बोअरच्या जवळच्या शोषखड्ड्यात तर बारा महिने नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या पाण्यात ते १९ हजारांच्या घरात असतं. २० लिटरची एक बादली त्या मर्यादेत आणायला दीड हजार लिटर गोडं पाणी लागतं.

खाऱ्या टाक्या गावात बोटांवर मोजण्याइतक्या असतील, पण त्याच वर्गातली दुसरी वस्तू झपाट्याने वाढते आहे. बोअरचं जड पाणी मऊ करणारे सॉफ्टनर नव्या बंगल्यांत, लॉजमध्ये, दवाखान्यांत बसत आहेत. त्यांतली राळ ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावी लागते आणि घरगुती यंत्रालाही एका धुण्याला किलो-दोन किलो मीठ सहज लागतं. ते सगळं पाणी मोरीतून नाहीतर परसातून बाहेर जातं. मत्स्यालयाचा शौक करणारा निदान पाण्याकडे बघत असतो, मोजत असतो, त्याच्याकडे खारटपणा मोजायचं यंत्र असतं. सॉफ्टनर बसवणाऱ्या घराला आपण महिन्याला किती मीठ जमिनीत घालतो याची कल्पनाही नसते. आधी टाकीवाल्यांनी शिस्त लावून घेतली तर पुढच्यांना सांगायला तोंड राहील.

हे नगरपरिषदेच्या आवाक्यातलं काम आहे. त्याला निधी लागत नाही, मोठी योजना लागत नाही. मुरगूडसारख्या नगरपरिषदेने सॉफ्टनरची आणि खाऱ्या टाक्यांची साधी नोंद करावी, सुकलेलं मीठ घंटागाडीत वेगळ्या पिशवीत घ्यावं आणि बांधकाम परवाना देताना सॉफ्टनरचं पाणी परसात सोडायचं नाही अशी एक ओळ घालावी. कृषी विभागाचं माती परीक्षण शेतापुरतं न ठेवता परसबागांनाही खुलं करावं. माशांच्या दुकानदारांनी मिठाच्या प्रत्येक बादलीबरोबर एक ट्रे आणि चार ओळींचा मराठी कागद द्यावा: झाडाला घालू नका, नदीत ओतू नका, वाळवा. आणि ज्यांच्या घरी आज अशी टाकी आहे त्यांनी पुढच्या वेळी बादली भरली की अंगणाकडे न जाता जिना चढून गच्चीवर जावं, एवढीच विनंती आहे.